मधल्या खोलीतले अन्वरभाई

अन्वरभाई, मला तुमचा राग आला आहे. हे आधीच सांगून टाकते. गेले तीन आठवडे तुमच्याविषयी चांगलं काही लिहायला बसते आणि दुसऱ्या ओळीवर हात थांबतो. राग बाहेर पडल्याशिवाय पुढचं काही येणार नाही असं दिसतंय.

तुमच्या दफनविधीला मी नव्हते. बायकांनी घरीच थांबायचं होतं, म्हणून मी मस्कतजवळ सीबला तुमच्या घरी, नसीमभाभींजवळ बसले आणि माझा नवरा विनय कब्रस्तानात गेला. परत आल्यावर म्हणाला, "खूप लोक होते. तुमच्या कामातले ते सालिमही होते. ओमानी लोकांनी आळीपाळीने खांदा दिला." मी विचारलं, "आणखी कोण?" माझं मलाच कळेना, मी कुणाची वाट बघत होते. वाटाघाटींना आलेल्या त्या दोन शिष्टमंडळांतलं कुणी येईल असं वाटत होतं की काय? ती तर नऊ दिवस आधीच आपापल्या विमानांत बसून गेली होती. त्यांना तुमचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या दोन देशांची नावं मी इथेही लिहीत नाही. ही तुम्हीच लावलेली सवय. विनयला इतकंच माहीत होतं की मी यजमान देशाच्या वतीने भाषांतराचं काम करणाऱ्या एका कचेरीत आहे आणि काही दिवस आपल्या दोघांना समुद्राकाठच्या त्या मोठ्या अतिथिगृहात बसावं लागतं. एका टोकाच्या खोलीत एक देश, दुसऱ्या टोकाच्या खोलीत दुसरा. दोघांकडे अण्वस्त्रं, आणि दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नाही. यजमानांचे अधिकारी सालिम हातात कागद घेऊन लांबलचक व्हरांड्यातून इकडून तिकडे चालायचे आणि प्रत्येक फेरीत मधल्या खोलीत थांबायचे. मधल्या खोलीत आपण दोघं. तुम्ही इंग्रजीचं अरबी करायचात, मी मूळ मसुदा सांभाळायची. कोणता शब्द कुणी केव्हा बदलला याची नोंद माझ्याकडे. कहवा संपला की नवा थर्मास आणायचं कामही माझ्याकडेच, पण ते तुम्ही दुसऱ्याच दिवशी स्वतःकडे घेतलंत. "तू उठलीस की कागद उडतात," म्हणालात. पंखासुद्धा बंद होता तेव्हा.

लग्न करून मस्कतला आल्यावर सहा वर्षं मी वादी अदाईतल्या फ्लॅटच्या खिडकीतून तो उघडा डोंगर बघत काढली होती. मुलाखतीला आले तेव्हा तुम्ही माझा अर्ज वाचलात आणि सरळ मराठीत सुरू झालात. "चिपळूणची? मग पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलंयस तू. इथे घाबरण्यासारखं काही नाही." हर्णैजवळच्या गावातून बाविसाव्या वर्षी सीबच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, गोदामावर कामाला लागलेला माणूस, मालाच्या खोक्यांवरची नावं उतरवता उतरवता अरबी शिकला आणि पुढे त्याच भाषेत करार लिहू लागला. हे मला तुम्ही नाही सांगितलंत, भाभींनी सांगितलं. तुम्ही स्वतःविषयी फार थोडं बोलायचात. हाही रागाचाच भाग आहे.

पहिल्या फेरीचा मसुदा आठवतो? जो शब्द एका बाजूला मान्य नसेल तो चौकोनी कंसात टाकायचा, असा नियम. पानभर कंसच कंस. तारखेला कंस, जागेला कंस, 'उभय पक्ष' मधल्या 'उभय'लासुद्धा कंस. संध्याकाळी गाडीत बसताना तुम्ही विचारायचात, "आज किती कंस मारले गो?" मी सांगायची, चार, कधी सहा. "कृष्णाने एकच मारला आणि केवढं नाव झालं. आपल्याला कोण विचारतो!" एक मुसलमान माणूस हा विनोद करतो म्हणून मला दुप्पट हसू यायचं आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने काचेबाहेर बघत राहायचात.

पहिल्या फेरीच्या शेवटी एकच मोठा कंस उरला. आपल्या मराठीत सांगायचं तर एका खोलीला हवं होतं 'नष्ट करणे', दुसरीला 'निकामी करणे'. ठरलेली अस्त्रं तोडून संपवायची, की त्यांचा जीव काढून सीलबंद ठेवायची, एवढाच प्रश्न. एवढाच म्हणजे सगळाच.

आपलं भांडण तिथे सुरू झालं.

"नष्टच," मी म्हणाले. "निकामी केलेलं उद्या परत कामी लावता येतं."

"आणि नष्ट लिहिलं की एक खोली उठून जाते."

"जाऊ दे."

"गेल्यावर अस्त्रं मोडणार कोण? तू?"

"पण दोघांना दोन अर्थ काढता येतील असा शब्द शोधणं ही फसवणूक आहे, अन्वरभाई."

"अगो, लग्नात सगळे सांगतात, सुखाने नांदा. सुख म्हणजे काय ते कुठे लिहून देतात? तरी लोक नांदतात ना?"

"सगळे नाही नांदत."

"नाय नांदत," तुम्ही मान हलवलीत. "पण लग्नच झालं नाही तर काय नांदणार?"

याच्या पुढचं भांडण आपण वर्षभर पुरवून पुरवून भांडलो.

दुसरी फेरी कुठे घ्यायची यावरच चार महिने गेले. मध्येच दक्षिणेकडच्या सलालाहचं नाव निघालं तेव्हा तुमचा चेहरा कसा उजळला होता! पावसाळ्यात तिथे धुकं असतं, नारळाच्या बागा थेट हर्णैसारख्या दिसतात, आणि नसीमभाभी किती वर्षं म्हणतायत की एकदा घेऊन चला. "काम करता करता तिलाही आणतो," असं म्हणून तुम्ही रजेचा अर्जसुद्धा लिहून ठेवलात. मग एका देशाला सलालाह लांब वाटलं, दुसऱ्याला तिथली तारीख उशिराची वाटली, आणि पुन्हा मस्कतच ठरलं. तुम्ही अर्ज फाडलात. "पुढच्या वर्षी, इन्शाल्ला."

त्याच आठवड्यात तुम्ही कचेरीच्या जिन्यात बसलात. दोन मजल्यांच्या मध्ये, पायरीवर, टाय सैल करून. मी फाइली घेऊन खाली येत होते. "काही नाही, बूट चावतोय," म्हणालात. एवढा घाम बूट चावल्यावर येत नाही. मी तुम्हाला गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं. दोन दिवसांनी तपासणीचा निकाल ऐकायलाही मीच बरोबर होते, कारण घरी तुम्ही ऑफिसची मीटिंग आहे असं सांगितलं होतं. डॉक्टर मल्याळी होते, हिंदीत बोलले. तीन नळ्या बंद आहेत. बायपास करायला हवी. महिना दोन महिन्यांपेक्षा जास्त थांबू नका.

गाडीत बसल्यावर तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते असं: "ही फेरी होऊ दे."

"भाभींना सांगा."

"सांगितलं की ती उद्याच मला टेबलावर झोपवील. मग हा मसुदा कोण बघणार? नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगायला हवं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर इतक्या महिन्यांचं काम गेलं."

"अन्वरभाई, जगात दुसरे भाषांतरकार आहेत."

"आहेत ना. त्यांना त्या दोन खोल्यांचा स्वभाव माहीत नाही." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "वृंदा, मधल्या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, हे तुला शिकवलंय ना? हेही तसंच."

मी हो म्हणाले. का म्हणाले? आजवर हाच प्रश्न सगळ्या बाजूंनी उलटून बघते आहे. तुम्ही मला काम शिकवलंत, माझ्या चुका स्वतःच्या नावावर घेतल्यात, सहा वर्षं खिडकीत बसलेल्या बाईला तुम्ही कामाची माणूस केलंत. तुमचा शब्द मोडणं मला जमलं नाही. पण खरं कारण वेगळंच असेल. मलाही तो करार हवा होता. तुमच्याशिवाय तो होणार नाही असं मलाही वाटत होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

महिना दोन महिने म्हणाले होते डॉक्टर. फेरी पुढे गेली. एका राजधानीत कुणी मंत्री बदलला, पुन्हा पुढे गेली. दर वेळी मी विचारायची, दर वेळी तुम्ही म्हणायचात, "आता आलीच जवळ." ईदला विनय आणि मी सीबला तुमच्याकडे जेवायला आलो. सांदणं होती, मटण होतं. भाभी मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, दार लोटलं आणि विचारलं, "खरं सांग गो. हे मशिदीतून येताना मध्येच का थांबतात? तू दिवसभर त्यांच्याबरोबर असतेस. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हणाले, "वय झालं, भाभी. उन्हाचा त्रास होतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. माझ्या ताटात आणखी दोन सांदणं वाढली.

दुसरी फेरी झाली, आणि ती तुमची होती. हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं अडलं होतं. सालिम दोन्ही खोल्यांत जाऊन हात हलवत परत आले आणि खुर्चीत बसले. तुम्ही एकदम तुमच्या वडिलांची गोष्ट काढलीत, आधी मला मराठीत, मग त्यांना अरबीत. वडिलांनी दर्यावर जाणं थांबवलं तेव्हा होडी विकली नाही आणि फोडलीही नाही, फोडायला हात उठेना. त्यांनी तळाच्या फळ्या काढून घेतल्या. होडी किनाऱ्यावर तशीच उभी राहिली, गावाला दिसत राहिली, पण ती पुन्हा पाण्यात जाणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सालिम म्हणाले, "छान आहे. पण याचं मी काय करू?" तुम्ही पेन्सिलीने एका चिठ्ठीवर ओळ लिहिलीत: 'पुन्हा कधीही वापरता येऊ नयेत अशा रीतीने, दोन्ही पक्षांच्या डोळ्यांदेखत, सेवेतून काढणे.' वर लिहिलंत, 'भाषांतरकाराची शंका: असं चालेल काय?' भाषांतरकाराने सुचवायचं नसतं. शंका मात्र विचारता येते.

सालिम चिठ्ठी घेऊन गेले. दीड तास तुम्ही पेन्सिलीला टोक काढत बसलात आणि मी नोंदी पुन्हा तपासत. मग व्हरांड्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला, नेहमीपेक्षा भरभर. दोन्ही खोल्या हो म्हणाल्या होत्या. तुम्ही डोळे मिटलेत, चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. "यल्ला, चल वृंदा. कंस काढ." मी कंस काढला. त्या मसुद्यातला शेवटचा कंस.

मी तरी म्हणालेच, "अजून ते नष्ट नाहीच."

"नाय," तुम्ही म्हणालात. "पण निकामीही नाही. आता भांड माझ्याशी जन्मभर."

मला वाटलं होतं, जन्म पुष्कळ आहे.

तिसरी फेरी सह्यांची. तिला पुन्हा सात आठवडे. आता मात्र मी तुम्हाला बजावलं, तारीख घेतल्याशिवाय मी खोलीत पाय ठेवणार नाही. तुम्ही शस्त्रक्रियेची तारीख घेतलीत, फेरीनंतरचा दुसरा रविवार, आणि मला कार्ड दाखवलंत. भाभींना आदल्या दिवशी सांगणार होतात. "दुपारभर रडेल, रात्री माझी बॅग भरेल," असं तुमचं गणित.

त्या गुरुवारी आपण सकाळी सातला जाऊन बसलो. दोन्ही प्रती छापून, तपासून, फिती बांधून तयार. दहा वाजता शिष्टमंडळं आली. दहा चाळीसला एका खोलीचं दार उघडलं आणि ती माणसं सरळ गाड्यांकडे गेली. थोड्या वेळाने दुसरीही. सालिम आले. म्हणाले, "खलास." एवढंच. खजुराचं तबक कुणी शिवलंही नव्हतं.

मग नियमाप्रमाणे सगळे मसुदे कातरयंत्रात घालायचे होते. तुम्ही एकेक पान देत होतात, मी आत सरकवत होते. अर्धा गठ्ठा संपल्यावर तुम्ही विचारलंत, "वृंदा, तुला काय वाटतं, शब्द मोघम होता म्हणून मोडलं?"

मी चिडलेली होते. त्या लोकांवर, वर्षावर, तुमच्या छातीवरच्या हातावर. आणि जवळ तुम्हीच होतात. मी म्हणाले, "हो. तुम्ही दोघांना खूश करायला गेलात, म्हणून तो शब्द कुणाचाच राहिला नाही. नष्ट लिहिलं असतं तर निदान कळलं असतं, कोण खोटं बोलतंय ते."

तुम्ही पुढचं पान माझ्या हातात दिलंत. "असेल," म्हणालात.

हे आपलं शेवटचं खरं बोलणं. त्यानंतरच्या आठवड्यात नमस्कार, चहा, रजेचे कागद. माफी मागायची म्हणून मी रोज ठरवत होते. ऑपरेशन झाल्यावर मागू, तुम्ही पलंगावर असाल, उलट बोलता येणार नाही, असा माझाही पुढच्या फेरीचा हिशेब. शनिवारी सकाळी तुम्ही सीबच्या मासळीबाजारात गेलात. सुरमई घेतलीत, कापून द्यायला सांगितलीत आणि तिथल्या ओट्याला टेकून उभे राहिलात. मासळीवाल्याने पिशवी पुढे केली तेव्हा तुम्ही खाली बसला होतात. रुग्णवाहिका यायच्या आत संपलं. भाभींना काहीच सांगून झालं नव्हतं. इस्पितळाचं कार्ड त्यांना तुमच्या शर्टाच्या खिशात मिळालं.

गेल्या सोमवारी मी सालिमना विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं. ते म्हणाले, "ते लोक निघून जाण्याचा हुकूम घेऊनच आले होते. मसुदा त्यांनी उघडलाच नाही. अन्वरची ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही त्या दिवशी."

ऐकताय ना? शब्द मोघम नव्हता, अन्वरभाई. शब्दाचा काही संबंधच नव्हता. मी तुम्हाला जे बोलले ते धादांत खोटं होतं आणि तुम्ही ते खरं समजून नऊ दिवस जगलात. त्यांनी उघडलंसुद्धा नाही, आणि त्यासाठी तुम्ही तीन बंद नळ्या घेऊन महिनोन्महिने जिने चढलात. कुणावर ओरडू? दोन्ही खोल्या रिकाम्या आहेत.

त्यानंतर मी भाभींकडे गेले. नवरा गेल्यानंतर पाळायची इद्दत चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत. समोर बसले आणि सगळं सांगितलं. जिना, डॉक्टर, गाडीत दिलेला शब्द, आणि ईदला स्वयंपाकघरात मी काय बोलले ते. सांगून झालं तेव्हा म्हणाल्या, "मी विचारलं होतं तुला. दार लावून विचारलं होतं."

"हो, भाभी."

"तू सांगितलं असतंस तर मी त्यांना ओढत नेलं असतं. पायात चप्पल नसती तरी नेलं असतं."

"हो."

"आज जा तू. शुक्रवारी ये. आज मला तुझ्याकडे बघवत नाही."

मी उठले. जिन्यात रडले नाही. गाडीत बसल्यावर रडले.

काल शुक्रवार होता. जाऊ की नको असं सकाळपासून चाललं होतं; विनय म्हणाला, त्यांनी बोलावलंय तर जायला हवं. दार भाभींनीच उघडलं. बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग विचारलं, "शेवटी त्या कागदाचं काय ठरलं?"

"काही नाही, भाभी."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. पुन्हा पहिल्यापासून बोलणार म्हणतात. पुढच्या महिन्यात बोलावलंय."

"तुला?"

"हो. अन्वरभाईंच्या जागेवर."

मला वाटलं, आता उठतील आणि दार दाखवतील. त्या उठल्या नाहीत. माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "तुला काही होतंय का? दुखतं, दम लागतो, काही? खरं सांग."

"नाही, भाभी. बरी आहे मी."

"झालं तर मला सांगायचं. त्याच दिवशी. त्या लोकांची बैठक असो नाहीतर आणखी काही असो. आणि मला काही झालं तर मी तुला सांगीन. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

तुम्हाला एवढंच करायचं होतं, अन्वरभाई.